मंडईला नेलेला बीअरचा नळ

फ्रिजच्या दाराला भोक एकदाच पाडता येतं, म्हणून मी ते पाडत नव्हते. चंद्रपूरच्या घरातल्या जुन्या फ्रिजमध्ये मला थंड पेयाची सोय करायची होती. आत एकोणीस लिटरची स्टीलची टाकी, शेजारी कार्बन डायऑक्साइडचं लहान सिलिंडर आणि दारावर बारमध्ये असतो तसा दांडीचा नळ. टाकी आणि सिलिंडर आलं होतं. कोणता नळ बसवायचा, ते ठरत नव्हतं. तेवढ्यात मामाचा फोन आला.

"यंदा मंडईले येजो. अन ते तुयं सोड्याचं मशीन घेऊन येजो."

मी म्हटलं, ते अजून अर्धवट आहे.

"अर्धं त अर्धं," मामा म्हणाला. "मी पेनं सोडलो, त का दोस्त बी सोडू?"

मामाने दारू सोडली होती, त्याच्या मित्रांनी नाही. हे समजायला थोडा भूगोल लागतो. मामाचं गाव वडशाजवळ, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात. तिथे दारूबंदी आहे. वैनगंगेच्या पुलापलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा, आणि तिथे आता बंदी नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. प्रत्येक घरी पाहुणे, दिवसा दंडारीचे नाच-सोंगांचे खेळ आणि जेवणावळी, रात्री नाटक. दुपारच्या जेवणानंतर मामाचे मित्र श्रावणभाऊंच्या जीपमध्ये बसून पूल ओलांडतात. गेल्या वर्षी मामाने सगळ्यांची नाटकाची तिकिटं काढून ठेवली होती. मित्र परतले ते नाटक बघण्याच्या अवस्थेत नव्हते. मामा रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकटा बसला. हे मला मामीने सांगितलं. मामा त्याबद्दल बोलत नाही.

मी हो म्हटलं. भावनेच्या भरात नाही. नळांची खरी चाचणी गर्दीतच होते.

निघण्याआधी घरी तीन नळ तपासले. टाकीत आलं, लिंबू आणि गुळाचं सरबत, फक्त गॅस भरलेलं, आंबवलेलं नाही. पहिला नळ क्रोमचा मुलामा दिलेला, आत पितळ, सगळ्यांत स्वस्त. त्याची झडप मागे असते, त्यामुळे नळ बंद केल्यावरही तोंडापर्यंतची नळी ओली राहते. दुसऱ्या दिवशी गूळ वाळून दांडी जागची हलेना, आणि लिंबामुळे पहिल्या घोटाला नाणं चाटल्यासारखी चव आली. तो बाद. दुसरा पूर्ण स्टीलचा, झडप अगदी तोंडाशी. आत काही उरत नाही, चिकटत नाही. तिसरा तसाच, पण बाजूला धार कमी-जास्त करण्याचा छोटा खटका. किंमत पहिल्याच्या चौपट. बाबा भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. तिसरा नळ हातात फिरवून म्हणाले, "यातून का दूध निघते?"

मी वीज केंद्रात झडपा आणि मोजमापाची उपकरणं सांभाळते. जितके भाग कमी, तितके बिघाड कमी, हा माझा नियम. दुसरा नळ सागाच्या फळीवर बसवला. तिसरा बॅगेत टाकला, कारण सुटा भाग जवळ ठेवणं हाही माझा नियम आहे.

सकाळी लवकर निघाले. चंद्रपूर ते मूल रस्ता चांगला आहे, पण जंगलातून जातो. वेग कमी ठेवा आणि फोटोसाठी गाडीतून उतरू नका. वाघ इथे पाटीवरच राहत नाही. मूलला तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर पोहे बुडवूनच देतात. सिंदेवाहीच्या पुढे दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती आणि गाडीत ओल्या पेंढ्यांचा वास भरला. नागभीड, मग ब्रह्मपुरी. वाटेत थांबत गेलात तर साडेतीन-चार तास धरा. टाकीवर मी मोठ्या अक्षरांत "आल्याचं सरबत" लिहून चिकटवलं होतं. पुलावर कोणी विचारलं नाही. जराशी निराशाच झाली.

मामीने लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला घेतले होते. मी अंगणात फळी उभी केली, टाकी मामीच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि लगेच वीज गेली. मंडईच्या दिवशी जाणारच, मामी म्हणाली. टाकी पाण्याच्या टाक्यात उतरवून भोवती घरातला होता नव्हता तेवढा बर्फ टाकला. पुरेसा नव्हता.

जेवणं झाली. मित्रमंडळी हात पुसत नळाभोवती जमली. श्रावणभाऊ सगळ्यांत पुढे, बोटात जीपची किल्ली फिरवत.

"का व भाची, बंदीच्या जिल्ह्यात बारची तोटी?"

मी दांडी ओढली. ग्लासभर फेस आला. दुसऱ्या ग्लासातही फेस. रस्त्याने टाकी हिंदकळली होती, थंडावा अर्धवट होता आणि साध्या नळातून धार पूर्ण वेगानेच येते.

"हे त निस्तं साबण हाय गा!" श्रावणभाऊ म्हणाले. सगळे हसले. मामाही हसला, पण नजर किल्लीकडे होती.

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

"पाच मिनिटात आमी पुलावर पोचतो."

मी टाकीची नळी सोडवली, पान्याने दुसरा नळ काढला आणि तिसरा बसवला. खटका जवळजवळ बंद ठेवून दांडी ओढली. धार बारीक झाली, ग्लासाच्या कडेने शांत उतरली. ग्लास स्वच्छ, सोनेरी भरला. मी तो श्रावणभाऊंना दिला. त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"फेस कुठी गेला? बिनाफेसाची त दवाई लागते."

मी दुसरा ग्लास तसाच भरला आणि शेवटी खटका थोडा उघडला. वर दोन बोटं फेस चढला, घट्ट आणि पांढरा, आणि काठावर थांबला.

श्रावणभाऊंनी घोट घेतला. मिशीला फेस लागला तो पुसला नाही. "आलं झणकते," एवढंच म्हणाले. मग, "सरक तिकडे. मले ओढू दे."

सगळं इथे बदललं. सरबत त्यांनी जन्मभर प्यायलं होतं. दांडी कधी कोणी हातात दिली नव्हती. बारमध्ये ती पलीकडच्या माणसाकडे असते. रांग लागली. कोणाचा फेस बरोबर दोन बोटं बसतो, यावर वाद सुरू झाला.

"तुयं बोट मोजू नको, तुयं बोट म्हणजे केळ हाय!"

"बावा, हळू ओढ. बैल नाई तो!"

मामा पंच झाला. प्रत्येक ग्लासावर आपली दोन बोटं आडवी धरून निकाल देऊ लागला.

आणि त्या गलक्यात जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मामाचा हात ग्लासावरच राहिला. श्रावणभाऊ जागेवर नव्हते. जीप वळणावरून गेली, धूळ बसली. एक-दोघे रस्त्याकडे पाहू लागले. मामा म्हणाला, "चाला, पुढचा कोन?" आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी पुढचा ग्लास नळाखाली धरला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बऱ्याच वेळाने जीप परत आली, पुलाच्या नव्हे, वडशाच्या बाजूने. श्रावणभाऊंनी मागचं फाळकं पाडलं. आत गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या होत्या.

"पाहून का राह्यले? उचला! पानी होऊन राह्यलं त्याचं!" मग मामाकडे वळून, "अन माया नंबर कोनी घेतला? मी दोन बोटाचाच होतो."

"तुया दीड होता," मामा म्हणाला.

टाकी दिवस मावळताना संपली. त्या दिवशी जीपने पूल पाहिला नाही. नाटकाला मामाची अख्खी ओळ भरली होती आणि दुष्ट सासऱ्याला सगळ्यांत मोठ्याने शिव्या श्रावणभाऊ देत होते.

दुसऱ्या दिवशी परतले. असं काही करणार असाल तर माझा सल्ला: पितळी नळ घेऊ नका. पेय नेहमी थंड आणि टाकी स्थिर राहणार असेल तर साधा स्टीलचा पुरतो. माणसं येणार असतील तर खटक्याचा घ्या, आणि त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने धुवा.

रविवारी फ्रिजच्या दारावर खूण केली आणि बावीस मिलिमीटरचं भोक पाडलं. तिसरा नळ पहिल्या प्रयत्नात सरळ बसला. बाबांनी दांडी ओढली, फेस पाहिला आणि दुधाबद्दल काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "श्रावण विचारून राह्यला, तुयी तोटी लागली का?"

"लागली."

"मंग येत्या रविवारी जीप भरून येतो आमी. मी बी हावो. पूल ओलांडतो यंदा," मामा म्हणाला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "तिले सांग, बर्फ आमी आनतो!"