ढोलकी अडखळली, हात नाही अडखळले

परवा पंचवटीत एका लॉन्सवर हळदीकुंकू होतं, आणि त्यात गाण्याचा कार्यक्रम. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा मिळणार होता, पण मी डब्यासाठी गेले नव्हते... घरात डबे इतके झालेत की आता त्यांची झाकणं शोधायला माणूस ठेवावा लागेल.

मी गेले होते ती गायला येणार म्हणून. तिचं नाव इथे टाकू नकोस असं मी नातीला बजावलंय. मी बोलते, नात टाइप करते, आणि मधे मधे स्वतःचं काही घालते का म्हणून मी तिला परत वाचायला लावते.

लग्न होऊन मी येवल्याकडच्या एका गावात आले, त्या वर्षीच्या जत्रेत हिला पहिल्यांदा ऐकलं. माझ्याच वयाच्या आसपासची पोर. माईक मधेच बंद पडला तर तशीच गात राहिली, आणि मी पार मागे, गुळाच्या जिलेबीच्या दुकानापाशी उभी होते, तिथपर्यंत शब्द न् शब्द आला.

गाणं कासाराचं होतं. गावात बांगड्या भरायला कासार येतो आणि नवी नवरी त्याला म्हणते, हळू भर रे बाबा... म्हणजे तेवढा वेळ त्याला माहेरची खबर विचारता येईल. मला तेव्हा माहेर सोडून चार महिने झाले होते. माझं काय झालं असेल ते सांगत नाही.

पुढे तिच्या कॅसेटी निघाल्या. मला वाचता येत नाही, म्हणून कासाराच्या गाण्याच्या कॅसेटवर मी लाल टिकली चिकटवली होती. टेपरेकॉर्डर बिघडेपर्यंत ती वाजवली, मग नातीने तेच गाणं मोबाइलवर शोधून दिलं.

तर गेल्या वर्षी हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आणि आता आम्ही राहतो त्या अंबडच्या गल्लीतली सुशीला, जिला सगळ्या बातम्या आधी कळतात, ती मला म्हणाली, "अक्का, ती आता गात नाय. टेप लावतात आणि ही नुसतं तोंड हलवते."

मी म्हटलं, तुझ्यासारखं नाही तिचं, उगाच तोंड हलवायला. तिला हसून गप्प केलं खरं. पण कार्यक्रमाला आठ दिवस होते आणि मला धड झोप नाही. जाऊच नये असंही वाटलं. न गेलं तर निदान कळणार तरी नाही.

गेले शेवटी. बरोबर नात, आणि सुशीलाही, पहिल्या रांगेत, साक्षीला असावी तशी.

ती आली. केस पांढरे, पैठणी जांभळी. गाणं सुरू झालं आणि आवाज तोच, जत्रेतला. मी सुशीलाकडे मान वर करून बघितलं.

आता त्या कॅसेटमध्ये एक गंमत आहे. दुसऱ्या कडव्यात ढोलकीवाल्याचा हात जरा सुटतो, जसं काही त्याला मधेच कुणी चहा विचारला. दुसरं कडवं आलं... आणि ढोलकी तिथेच अडखळली. स्टेजवरच्या ढोलकीवाल्याचे हात मात्र अडखळले नाहीत. तो आपला मजेत थापा मारत होता.

मला खाली बघावंसं वाटलं.

गाणं संपल्यावर ती खाली उतरली, पुढच्या रांगेतल्या बायकांना कुंकू लावायला. माझ्यापाशी वाकली तेव्हा मला राहवलं नाही. तिच्या कानाशी म्हटलं, "बाई, ढोलकीवाला इतक्या वर्षांत सुधारला नाही गं. दुसऱ्या कडव्यात अजून तसाच अडखळतो."

तिचा हात माझ्या कपाळावरच थांबला. कुंकू नाकावर आलं.

मग अगदी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पकडलंत होय ताई... डॉक्टर गा म्हणतात हो. मलाच लाज वाटते. लोकांना जुना आवाज पाहिजे."

मी म्हटलं, "जुना माझ्याकडे मोबाइलमध्ये आहे. त्यासाठी रिक्षा करून आले का मी? आत्ता आहे त्यात म्हण."

ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, झालं, म्हातारीला गोड बोलून पुढे सरकली. पण ती परत स्टेजवर गेली, साउंडवाल्याला हाताने बंद कर म्हणाली, आणि ढोलकीवाल्याकडे वळली. त्याला घाम फुटला असणार, कारण आता खरंच वाजवायचं होतं.

कासाराचंच गाणं परत घेतलं. पट्टी खाली, लय संथ. आवाज खरखरीत, वरच्या सुराला गेला की तुटायचा. एकदा तुटला तर ती थांबली, आणि मागच्या बायकांनी ती ओळ उचलून धरली. मीही धरली... नात म्हणते, बेसूर होतीस. असेन.

पण "हळू भर" म्हणताना ती जिथे श्वास घ्यायची ना, तिथेच घेतला. ते काही ऑपरेशनमध्ये गेलं नाही.

सुशीला पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, लाइट डोळ्यात जातोय. मी म्हटलं, हो, माझ्याही.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "गायली का शेवटी?" मी हो म्हटलं आणि पाय पसरून बसले, शेत खुरपून आल्यासारखी.

आठ दिवस उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता. आवाज बसलाय तिचा... गेलेला नाही. त्या रात्री मी अंगावर पांघरूण घेतलं ते थेट सकाळीच काढलं.