ट्रक पुढे जाईपर्यंत चहा बंद!

आमच्या पडवीत दोन गोष्टी साठत जातात: उरलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट डब्यात तरी मावतात. किस्से मात्र हळदीकुंकवाला बायका जमल्या की आपोआप सांडायला लागतात!

आमचे हे रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात. तिथल्या एका भंगारवाल्याकडे यांना जुना मिलिटरी ट्रक दिसला. माझे सासरे, म्हणजे आबा, फौजेत अशाच ट्रकवर ड्रायव्हर होते. झालं! ट्रक पेणला आणायचा, स्वतः दुरुस्त करायचा आणि आबांना त्यात बसवायचं, असं यांनी ठरवून टाकलं.

क्रेनला बांधून आणताना हे नागोठण्याला चहाला थांबले. टपरीवाल्यानं हळूच विचारलं, "दादा, लढाई लागली काय?"

हे म्हणाले, "घरी पोचलो की लागंल!"

मी कसली भांडते! भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं.

* * *

आबा काठी टेकत ट्रकभोवती फिरले. हात काही लावला नाही.

"ढकललेल्या गाडीत मी बसनार नाय. सोताच्या ताकदीवर चालू दे, मग बघू."

यांचा चेहरा उतरला. मी देवघरात जाऊन बाप्पाला सांगितलं, "आबांना घेऊन ट्रक पुढे जाईपर्यंत मी चहा घेणार नाही." चहा म्हणजे माझा जीव!

आबांनी ऐकलं. म्हणाले, "अगो, इंजिनाचे अजून पार्ट जमायचे हायत. कारलं सोडायचं होतंस!"

* * *

दसऱ्याला ट्रकची पूजा केली. झेंडूचे हार, नारळ, सगळ्या चाकांखाली लिंबं. पण लिंबं फुटायची तर ट्रक हलायला हवा, आणि इंजिन तर गोणपाटावर सुटं मांडलेलं!

शेवटी सगळी आळी ढकलायला आली. लिंबं फुटली, पण ट्रक काही थांबेना. तो थेट शेजारच्या सुमावैनींच्या तुळशीपाशी जाऊन टेकला.

वैनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दर्शन झालं असंल तर न्या आता मागं!"

* * *

उन्हाळ्यात शोध लागला, की ट्रकच्या बॉनेटवर पापड्या निम्म्या वेळात वाळतात. मी उपासाच्या बटाट्याच्या पापड्या घातल्या, वैनींनी साबुदाण्याच्या. दोघी खूश!

आबा खुर्चीत बसून कौतुकानं बघत होते. "लय गुणाचं बॉनेट! थंडीत पोस्टिंगला असताना आमी असल्याच बॉनेटवर अंडी भाजायचो."

त्या एकादशीला मी नुसत्या केळ्यांवर राहिले.

* * *

रंगाला गजा पेंटर आला. आमच्याच आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा हात तो! हिरवा रंग झकास दिला. हे जेवून बाहेर येतात तो दोन्ही हेडलाइटना बारीक रेघांच्या पापण्या, वर भुवया!

"अरे, मिलिटरीचा ट्रक हाय हा!"

गजा ब्रश पुसत म्हणाला, "डोळे आखल्याबिगर आमी काय बाहेर सोडत नाय."

* * *

यंदा श्रावणात इंजिन धडधडलं. यांनी जाहीर केलं, गणपती आपल्या ट्रकमधूनच येणार!

चतुर्थीच्या सकाळी आबा जुनी फौजी टोपी घालून स्टिअरिंगवर बसले. गिअर टाकला. ट्रक मागे निघाला. त्यांनी दांडा ओढला, हिसडला, हे लोंबकळले. गिअर रिव्हर्समध्येच अडकला होता!

हे घामाघूम. मुहूर्त जवळ आलेला. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष सुरू केलं.

आबा मात्र थंड. "आपली आळी गोल हाय ना? मंग वळायचं कामच नाय. तू मागं चालत मला हात दाव!"

ट्रक उलटाच कारखान्यावर गेला. गजानं मूर्ती चढवली, तोंड मागच्या फाळक्याकडे. मग उरलेला वळसाही तसाच उलटा घेत, झांजांच्या गजरात, ट्रक आमच्या दाराला लागला.

मी ओवाळलं. यांच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या मनात एकच रुखरुख.

"आबा, तुम्ही बसलात, ट्रकही चालला. पण मी बोलले होते पुढे जाईपर्यंत. हा तर सगळा रस्ता मागेच आला."

आबांनी इंजिन बंद केलं आणि मूर्तीकडे बोट केलं.

"त्याला इचार, तो पुढं आला का मागं! आनि च्या ठेव गो. मला पन घोटभर."