म्होरकीचे पाय

कुदळ लावली की कंद चिरतो, आणि चिरलेला कंद कोणी विकत घेत नाही. म्हणून आम्ही तो पायांनी शोधतो. गवत लव्हाळ्याच्याच जातीचं, पण मुद्दाम लावलेलं. गुडघाभर चिखलात अंगठ्याने चाचपायचं, तपकिरी गाठ लागली की हात घालून उपसायची. आमच्या रांगेत सगळ्यांत पुढे म्होरकी. काय पाय होते बाईचे! जीभ मात्र जहर.

एका घरातून एकीलाच रांगेत घ्यायचं, हा मुकादमाचा नियम. म्हणून तिची सून बांधावर टोपल्या धुवायची, निम्म्या मजुरीवर. म्होरकी चारचौघींत ओरडायची, "तुझे पाय कसले, नुसते खांब! मी मेले की ये रांगेत."

एकदा सकाळी म्होरकी कंद देण्यासाठी बांधावर चढली. सुनेने पाहिलं, सासूच्या तळव्यात काच रुतलेली, रक्त गळतंय, आणि बाईला पत्ताच नाही! सून हूं की चूं न करता टोपली धूत बसली. सासू परत चिखलात उतरली. हे मला सुनेनेच नंतर सांगितलं, तेही हसत. मेलीची मला किळस आली.

दुपारी मुकादम फेरीला आला, तेव्हा कुठे हिला कंठ फुटला, "अगं बाई, आईंचा पाय!"

मुकादमाने पाय वर करायला लावला. "पायाला कळत नाही ती इथे कशाला?" म्हणाला आणि सुनेला आत उतरवलं. म्होरकीचा पाय सडला, घोट्यातून कापावा लागला. रक्तातल्या साखरेने गेला की चिखलाने, कोणी सांगितलं नाही.

त्यालाही आता वर्षं झाली. म्होरकी दारात बसून कंद सोलते आणि शिव्या देते. काल मी त्यांच्या पायरीवर टेकले होते. सून कामावरून आली, थकून भिंतीला डोकं टेकून बसली. म्होरकी म्हणाली, "आण इकडे पाय, चिखल काढते."

मला नवलच वाटलं. तिने पाय मांडीवर घेतला, पाणी ओतलं. मग सोलायच्या सुरीचं टोक हळूच तळव्यात खुपसलं. रक्त आलं.

सून डोळे मिटूनच म्हणाली, "आटपा ना आई, भूक लागलीय."

म्होरकीने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.