बांधावरची संतरी ड्युटी

त्या दिवशी दुपारी चारला आम्ही दोघं उसाच्या बांधावर गवत कापत होतो. मी आणि माझी बायको हौसा. फौजेतून मी नायक म्हणून पेन्शनीत आलो, पण ती मला सुभेदारच म्हणायची. माझा हात मंद चालला की म्हणायची, "आवं सुभेदार, गवत काय सलाम ठोकत न्हाई. वाकून कापा." एक भारा झाला. तो घेऊन मी गोठ्याकडं गेलो. ती मागं उकिडवी बसून कापत राहिली.

परत आलो तेव्हा बांधावर नुसता विळा होता. हौसा उसाच्या तिसऱ्या सरीत सापडली. गळ्यावर दातांच्या खुणा होत्या. श्वास नव्हता.

माजी सैनिकांच्या अंकाला फौजेची आठवण लिहा, असा निरोप आलाय. मला हल्ली एकच आठवते. ती लिहितो.

जम्मूकडच्या डोंगरात आमची पोस्ट होती. संतरी ड्युटीला, म्हणजे पहाऱ्याला, माझा जोडीदार मारुती, म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. एकदा दिवस मावळायला लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, मागच्या झाडीत काहीतरी हाललं. आम्ही दोघं आडवे झालो, रायफली रोखल्या. हालचाल कळवली तशी वायरलेसवर विचारणा आली, "क्या है? ओवर." काय सांगणार? माणूस असंल, जनावर असंल. संतरीचं काम संशय घेण्याचंच.

झाडीतून बिबट्या निघाला. पोट भुईला लावून पुढं सरकत होता. नजर आमच्यावर. तर मारुती सरळ उठून उभाच राहिला. मी त्याची पँट धरून खाली ओढायला लागलो. तो म्हणला, "ऊठ की गड्या. बसलेला माणूस त्येला शेरडाएवढा दिसतोय."

मी उठलो. बिबट्यानं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मान वळवली आणि गेला. पाचोळासुद्धा वाजला नाही. मी कळवलं, "जानवर था साब. गया. ओवर."

गोळी येते तिथं खाली पडणारा वाचतो. ते फौजेनं शिकवलं. बिबट्यापुढं उभा राहणारा वाचतो. ते मारुतीनं.

आता गावचं. आमचं गाव पलूसच्या बाजूला, सगळा ऊस. लोक म्हणतात बिबट्या जंगल सोडून आला. पण हे बिबटे उसातच जन्मतात. मादी सरीत पिल्लं घालते. त्यांना ऊस हेच रान. कुत्री, डुकरं मिळतात, पाणी मिळतं. दिवसा बिबट्या पाचटात पडून राहतो. तुम्ही चार हातांवरून जाल, तरी कळायचं नाही. त्याला मात्र तुम्ही कळलेले असता.

हौसा गेल्यावर वन खात्यानं पिंजरा लावला. काही आठवड्यांनी त्यात एक नर सापडला. दांडगा. गावानं हलगी वाजवली, पोरांनी फोटो काढले. आता बाया बिनघोर रानात जातील, असं जो तो म्हणायला लागला.

माझं मन मानंना. हौसाजवळच्या ओल्या मातीत ठसे होते, ते मी बघितले होते. गोल, नखं न उमटलेले. म्हणजे कुत्रं नव्हतं. पण ठसा लहान, माझ्या तळहातात मावंल असा. पिंजऱ्यातल्याचं पाऊल तळहाताबाहेर जाणारं.

वन खात्याची बाई आली होती, तिला विचारलं. ती खरं बोलली. म्हणाली, "काका, हाच तो, असं मी सांगू शकत नाही. आणि हा गेला, तर याच्या मोकळ्या जागेत दुसरा येणार."

हे मी देवळापुढं बसलेल्यांना सांगितलं. कुणाला ऐकायचं नव्हतं. माझा पुतण्या तानाजी म्हणला, "तात्या, तुमास्नी आता सगळीकडं वाघच दिसाय लागलाय."

मी म्हणलं, "मला एकबी दिसत न्हाई. म्हणून तर म्हणतोय."

लोक हसले. म्हातारा बायकोमागं खुळा झाला, असंही एक जण म्हणला. मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया विळे घेऊन बांधाला निघाल्या. मी काठी घेतली आणि मागनं गेलो. त्या उकिडव्या बसून कापायला लागल्या. मी ऊस आणि त्यांच्या मधे उभा राहिलो. तानाजीची बायको शालन म्हणाली, "मामा, तुमी सावलीला बसा की."

"तुमी बसा. मी उभा हाय."

हौसा पडली तिथं गवत गुडघ्याला लागत होतं. बाया तेवढी जागा सोडून कापत होत्या. मी त्या जागेवर जाऊन उसाकडं तोंड केलं आणि म्हणलं, "हितलंबी कापा. वैरण वाया घालवलेली तिला खपायची न्हाई."

मग शालन आली आणि माझ्या पायाशी बसली. विळा चालल्याचा आवाज यायला लागला. मी उसावरची नजर काढली नाही.