कॉन्सेप्टाचं धुराडं

माझी बायको कॉन्सेप्टा सांगते, की ती वसईच्या बेकरीत जन्मली. खरं तर जन्मली हॉस्पिटलात, पण घर बेकरीच्या माडीवर होतं, म्हणून मी वाद घालत नाही. तिचे बाबा दर नाताळाआधी भट्टीचं धुराडं साफ करून घ्यायचे. मुलगे छपरावर चढायचे, मुलींनी खाली शिडी धरायची. "बारा वर्षं शिडी धरली मी," हे तिने मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. आता ती बावन्न वर्षांची आहे, अबू धाबीत एका ऑफिसात अ‍ॅडमिन सांभाळते, आणि शिडीचा राग अजून तसाच आहे.

खलिफा सिटीत आम्ही एका व्हिलाच्या मागच्या खोल्यांत राहतो. आधीचा भाडेकरू लाकडावरचा स्टोव्ह सोडून गेला होता. खाली जाळ, वर पाव भाजायला कप्पा. तो पाहून कॉन्सेप्टा इतकी खूश झाली, की त्या रात्री मला जेवण मिळालं नाही. पण विटांच्या धुराड्याला भेगा होत्या. पहिल्यांदा पेटवला तेव्हा सगळा धूर वरच्या मजल्यावर, घरमालक अबू राशिदच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत गेला.

अबू राशिद भला माणूस. शांतपणे म्हणाला, "मेरी माँ बुड्ढी है. एक बार और धुआँ ऊपर गया, तो स्टोव्ह बाहर. खलास."

यावर इलाज एकच होता. धुराड्याच्या आतून, छपरापासून स्टोव्हपर्यंत, स्टीलचा वाकणारा पाइप सोडायचा. त्याला लायनर म्हणतात.

"माणूस बोलावतो," मी म्हणालो.

"कशाला? मी चढणार," ती म्हणाली.

चार संध्याकाळी तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या, शारजातून पाइप आणला. मग दोराला बांधून वरून एकेक फूट खाली सोडला. मी बावीस वर्षं हॉटेलांत एसीचे डक्ट बसवतोय, त्यामुळे गप्प राहणं मला शक्यच नव्हतं. स्टोव्हपाशी जिथे पाइप जोडायचा, तिथे मी आमची चंदेरी टेप चार वेढे गुंडाळली.

"जेरार्ड, हा एसी नाही," ती म्हणाली.

"डक्ट म्हणजे डक्ट. ही टेप माझ्या पेन्शनपर्यंत सुटायची नाही."

ती माझं क्वचित ऐकते. नेमकं त्या दिवशी ऐकलं.

चाचणीसाठी दोन काटक्या पेटवल्या. पाच मिनिटांत टेपचा डिंक वितळला, टेप लोंबायला लागली, आणि आमची खोली घाण वासाने भरली. मुलगी जेनिस नाक धरून म्हणाली, "डॅड, इट स्मेल्स लाइक बर्न्ट चप्पल." वर काही गेलं नाही, हे नशीब. कॉन्सेप्टाने वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. ती वहीत लिहायला लागली की मला फार भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने टेप खरवडून काढली, सांध्याला स्क्रू मारले, आगीला टिकणारं सिमेंट लिंपलं. मग शेवटी धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसवायला छपरावर चढली. मी निमूट शिडी धरली.

शनिवारी सकाळी पिठाचे गोळे कप्प्यात गेले आणि जाळ झाला. धूर टोपीतून सरळ आकाशात. आम्ही अंगणात माना वर करून उभे होतो. एवढ्यात वरची खिडकी उघडली. कॉन्सेप्टाने माझा हात घट्ट धरला. म्हातारीने खाली पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने काठी टेकत ती स्वतःच खाली आली, मागे अबू राशिद.

"धुआँ किधर गया?" तिने विचारलं.

"सब बाहर गया, अम्मी. अब ऊपर नहीं आएगा," कॉन्सेप्टा घाईघाईने म्हणाली.

"क्यों? उस दिन मेरी माँ के घर की खुशबू आई थी. इसने खिड़की खोलकर सब निकाल दिया." तिने मुलाकडे काठी रोखली. अबू राशिद आपल्या चपला बघत राहिला.

कॉन्सेप्टा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने स्टोव्हजवळ खुर्ची मांडली, म्हातारीला बसवलं आणि स्टोव्हचं दार जरासं उघडलं. थोडा धूर खोलीत आला. म्हातारीने डोळे मिटून तो आत घेतला. मग गरम पाव मोडता मोडता विचारलं, "ये पाइप किसने लगाया?"

"मैंने."

"और ये?" काठी आता माझ्यावर आली.

कॉन्सेप्टाने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांची वाट बघणं त्या नजरेत होतं.

"इसने सीढ़ी पकड़ी," ती म्हणाली.