विमानतळाचा फाटा आणि तीन घोट पाणी

म्हैसुरातल्या आमच्या घरापासून विमानतळ बारा किलोमीटर तीनशे मीटर. स्कूटरवरून तीनदा जाऊन मी ते मोजलं होतं. सरासरी सव्वीस मिनिटं. लेकीला पहिल्या नोकरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला हजर व्हायचं होतं आणि आदल्या दिवशी विमान एकच, दुपारचं. सामान घेणं एक पन्नासला बंद. म्हणून एक चौदाला निघायचं; दहा मिनिटं हाताशी.

कारने निघालो बरोबर एक चौदाला. शेजारी लेक, मागे माझी आई. रिंगरोड ओलांडून नंजनगूडकडचा रुंद रस्ता लागला. सरळ, मोकळा.

"बघ, दोन मिनिटं वाचली," मी म्हणालो.

"अप्पा, विमानतळ मागे गेला."

गेलाच होता. मोठ्या गाड्यांची भीती वाटते म्हणून स्कूटर मी तिन्ही वेळा कडेच्या सर्व्हिस रोडवरून नेली होती. फाटाही तिथूनच फुटत होता. मधल्या रस्त्याला मात्र लोखंडी कठडा, आणि बाहेर पडायची फट केव्हाच मागे राहिलेली. पुढचं वळण तीन किलोमीटरवर.

"तिथून माघारी वळू."

"अय्यो! निघाल्यावर माघारी वळतात का?" आई म्हणाली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. तेव्हापासूनची ही रीत. वळावंच लागलं तर घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं.

"अज्जी, घरी जाऊन बसलो तर विमान जाईल गं!"

"घरी कशाला? बसलेलेच आहोत की. गाडी थांबव, बाटली काढ."

वळणाशी गाडी कडेला घेतली. तिघांनी एकेक घोट घेतला. मी घड्याळाकडे बघत प्यालो, ठसका लागला.

"सुम्मने, गुपचूप पी रे. घोट तरी मोजू नकोस."

"मोजू दे अज्जी," लेक म्हणाली, "एवढंच बरोबर येईल."

पोचलो एक अठ्ठेचाळीसला. लेक बॅग ओढत पळाली. दारात हात हलवायला ती वळणार, तोच आई गाडीतून ओरडली, "मागं बघू नको!"

पहारेकऱ्यासकट सगळ्यांनी मागे बघितलं. लेकीने नाही. तोंड पुढे ठेवूनच तिने हात मागे नेऊन हलवला आणि आत शिरली.