खाल्लेले अंगी का लागत नाही

आमच्या घरात चोर आहे, याविषयी त्या हिवाळ्यात कोणाला शंका उरली नव्हती. शंका होती ती चोर कोण, एवढ्यापुरतीच.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी बहुतेक घरांत असते तसे आमच्याही घरात बळद होते. दोन खोल्यांमधल्या जाड भिंतीच्या पोटात ज्वारी साठवण्यासाठी राखलेली ती बंद पोकळी. वरून धान्य ओतायचे आणि खाली, जमिनीलगत ठेवलेल्या वीतभर तोंडातून लागेल तसे काढायचे. धान्य काढून झाले की आई त्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबी, त्यावर भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा जाड थर थापी आणि माती ओली असतानाच तिच्यावर आपल्या उजव्या हाताची चार बोटे उमटवी. वडील गेल्यापासून घराचा कारभार दादाकडे होता, परंतु बळद आईचे होते. तिच्या बोटांचा ठसा मोडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता.

तो ठसा मोडू लागला. प्रथम करंगळीचा भाग गेला. आईला वाटले, उंदीर असेल. तिने पुन्हा लिंपले. काही दिवसांनी कडेचा एक टवका नाहीसा झाला आणि जमिनीवर मात्र मातीचा कणही पडलेला नव्हता. उंदीर आपल्यामागे झाडून काढत नाही, असे आई म्हणाली आणि त्या दिवसापासून ती घरातल्या प्रत्येकाच्या हाताकडे पाहू लागली.

निजामाचा अंमल संपून आमचा भाग मुंबई राज्यात आला, त्याला तेव्हा फारसा काळ लोटला नव्हता. मी धाराशिवला शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे करून नेमणुकीची वाट पाहत घरी बसले होते. चारचौघांत बोलण्याचे मला स्वभावतःच जमत नसे. शिकवण्याच्या पाठांनाही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसे. घरी एक बरे होते, तिथे मला कोणी काही विचारत नसे. आईने मात्र माझ्यावर एक काम सोपवले.

"तू दिसभर पुस्तक घिऊन बसतीस न्हवं? मग हितं बस, बळदाच्या तोंडाशी. अन् तिच्यावर नजर ठिव."

'ती' म्हणजे माझी वहिनी. तिचे माहेर आळंदच्या बाजूचे, नव्या सीमेपलीकडे गेलेले. जात्यावर बसली की ती कानडीत काहीतरी गुणगुणे, आणि ज्या भाषेचा अर्थ आपल्याला कळत नाही तीत मनुष्य वाईटच बोलत असणार, असा आईचा ठाम समज होता. पण खरा संशय भाषेचा नव्हता, शरीराचा होता. लग्न होऊन आली तेव्हा चांगली अंगापिंडाने भरलेली ही मुलगी दोन वर्षांत कडब्याच्या धाटासारखी झाली होती. एक घागर डोक्यावर घेऊन आडावरून यायची, तर वाटेत दोनदा टेकायची. चेहरा जुन्या मेणासारखा पिवळट दिसे. आणि ती जेवत नव्हती, असेही नव्हते.

आमच्या समोरच राहणारी काकू दुपारी आईपाशी तूर निवडायला येई. त्या दोघींचे बोलणे मी पुस्तकाआडून ऐके.

"चार भाकऱ्या खाती ओ जाऊबाई," आई म्हणे, "अन् अंगावर बोटभर मास चढंना. खाल्लेलं जातंय कुठं?"

"तिच्या पोटात जातंय खरं, पर तिला लागत न्हाय," काकू आवाज खाली आणून म्हणे. "मधल्यामधी दुसरंच कुणीतरी खातंय."

शेवटी दादाने बळदावर चढून वरून काठी सोडली. आम्ही सगळ्या खालून, माना वर करून पाहत होतो. ज्वारी जिथे असायला हवी होती तिथेच होती. मूठभरही कमी झालेली नव्हती. मला वाटले, चला, सुटली बिचारी. परंतु मी शिकलेली असले तरी माझ्या माणसांचा तर्क मला कळलेला नव्हता. काकूने हातातले सूप खाली ठेवले.

"धान्य नेलं असतं तर म्या म्हनलं असतं, भुकेली हाय. माणसाचा चोर धान्य न्हेतो. तोंड फोडून दाना न उचलनारा चोर माणसातला न्हाय. ही भानामती हाय."

वेळ अमावास्येचा शेतातला सण झाला की दादाने वहिनीला माहेरी पोचवून यायचे, असे ठरले. परत कधी आणायचे, हे कोणी बोलले नाही, आणि ते बोलले गेले नाही याचाच अर्थ आम्हा सर्वांना समजला होता.

वेळ अमावास्येला आम्ही शेतावर गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील सगळ्यांनी पोटभर घेतली. वहिनीने पानातली भज्जी बाजूला सारली आणि चूल मांडण्यासाठी फोडलेल्या ढेकळाकडे ती अशा काही नजरेने पाहत राहिली, की मी घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे पाहिले. तिने नजर वळवली. मलाही पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई काकूकडे गेली होती. मी नेहमीच्या जागी नव्हते. मागच्या दारी केस वाळवत बसले होते. आत काहीतरी कुरकुर वाजले. भाजलेला हरभरा दाताखाली फुटावा तसा तो आवाज होता. मी अनवाणी आत गेले. वहिनी बळदाच्या तोंडाशी उकिडवी बसली होती आणि तिची मूठ मिटलेली होती.

"काय आहे हातात?" मी विचारले. आवाज माझा असूनही मला तो आईचा वाटला.

"काय न्हाय, वन्सं."

"दाखवा बघू."

तिने मूठ उघडली. तीत लिंपणाची माती होती, आईच्या तर्जनीचा ठसा असलेला तुकडा. तिच्या ओठांवरही पांढरी भुकटी होती.

"ज्वारीला हात लावला न्हाय म्या. आईची आन," ती म्हणाली. "हिचा वास आला की तोंडाला पानी सुटतंय. र्‍हावत न्हाय. सपनात बी मातीच येती."

मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. माती खाण्याचे सोंग कोणी करू शकेल का, याचाही मी विचार केला. मग म्हटले, "हे आईला आधी का नाही सांगितलेत?"

"काय सांगू? चोर म्हनत्यात, म्हनू द्या. चोराला लोक शिव्या देतेत. माती खानारीला हसतेत."

प्रशिक्षणात आरोग्यशास्त्राचा तास असे. माती, राख, खापरी खाण्याची अनावर इच्छा हे रक्तक्षयाचे लक्षण असू शकते, असे एक वाक्य मी त्या तासाला ऐकले होते. त्या एका वाक्यावर किती भार टाकावा, हे मला कळेना. मी तिला उजेडात नेले आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली. आत लाली असायला हवी. तिथे ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे होते.

आईला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी इतकेच म्हणाले की पाठराखीण म्हणून मीही सोबत जाते. आणि नणंदेने पाठराखीण जाणे रीतीला धरून असल्याने आईने हरकत घेतली नाही. आळंदच्या बाजूला जाणारी मोटार उमरग्याला बदलावी लागे. तिथे उतरल्यावर, हमरस्त्यावरच्या मालमोटारींच्या धुळीत उभी राहून, मी दादाला म्हणाले, "दादा, वहिनींना आधी दवाखान्यात दाखवू." त्यापूर्वी मी दादाला कधी काही सुचवले नव्हते. तो इतका चकित झाला की नाही म्हणायचे विसरला.

डॉक्टर सोलापूरकडचे होते. त्यांनी वहिनीची नखे पाहिली, जीभ पाहिली, रक्त कमी दिसते म्हणाले, आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब टीपकागदावर घेतला. दादा इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला.

"साहेब, तुमी म्हनता हिच्यात रगत कमी हाय. अन् हाय त्यातलं आनखी काढता?"

"थेंबभरच काढलं," डॉक्टर हसले. तांबड्या रंगाच्या फिकट-गडद पट्ट्या छापलेल्या एका पुठ्ठ्याशी त्यांनी तो कागद लावला आणि सर्वांत वरच्या, फिकट पट्टीपाशी थांबले. तो थेंब पाण्यात कुंकू विरघळावे तसा दिसत होता.

"ही जेवते, पण अंगी लागत नाही," मी कसेबसे म्हणाले. "आमच्या घरी सगळे तेच विचारतात, खाल्लेले जाते कुठे."

"प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "भाकरी म्हणजे सरपण. चुलीत सरपण भरपूर घातलं आणि वारा लागू दिला नाही, तर काय होतं?"

"धुपतंय," दादा म्हणाला.

"तसं हिचं झालंय. शरीरात वारा पोचवायचं काम रक्त करतं, आणि रक्ताला त्यासाठी लोह लागतं. लोह नाही, म्हणून सरपण असून आग नाही. आणि आहे तेवढं रक्तही बहुधा आतड्यातले जंत पितात. ते अनवाणी पायातून शिरतात. शेतात, परसाकडे जाताना पायात काय घालता?"

वहिनीने अनवाणी पाय लुगड्याआड घेतले. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सुनेने वहाणा घालायच्या नसतात, हे त्यांना कोण सांगणार?

"जेवता काय?" त्यांनी तिला विचारले.

तिने दादाकडे पाहिले आणि पदर पुढे ओढला. उत्तर मला द्यावे लागले. आधी दादा जेवतो, मग आई, मग मी, मग वहिनी. तिच्यापर्यंत भाकरी पोहोचते, परंतु भाजी, वरण सहसा पोहोचत नाही. ती भाकरी चटणीशी खाते. हे मी रोज पाहत होते. मी तिच्या हातांवर नजर ठेवून होते, पानावर नव्हे.

बाहेर आल्यावर आळंदच्या बाजूची मोटार सुटायच्या बेतात होती. दादा औषधाची बाटली हातात घेऊन त्या मोटारीकडे पाहत राहिला. मग बायकोला, माझ्यादेखत, म्हणाला, "माती खात व्हतीस व्हय?"

तिने मान डोलावली.

"ही बाटली सरंपातुर घरी ऱ्हा. गुन आला न्हाय तर मंग बघू."

आईला दादानेच सगळे सांगितले. डॉक्टरवर तिचा विश्वास बसला नाही. जंत रक्त पितात तर मग ते तोंडावाटे का येत नाहीत, असे तिने विचारले. लोहाच्या औषधाने परसाकडला काळी होऊ लागली, तेव्हा काकूने ती करणी बाहेर पडत असल्याची खूण मानली. नव्या वहाणा वहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत पदराखाली नेई आणि तिथून पुढे घाली. आईला तेही कळले होते. ती फक्त मान दुसरीकडे फिरवी.

पण सून चोरून माती खाते, हे तिला पटले होते, आणि चोरी तिला सहन होण्यासारखी नव्हती. म्हणून तिने नवा बंदोबस्त केला. जेवायला बसताना ती सुनेला आपल्यासमोर बसवू लागली.

"खा. माझ्या डोळ्यांम्होरं खा. काय पोटात जातंय ते बघू दे मला."

आणि आई जेवायला बसे तेव्हा पातेल्यात भाजी असे. चुका, चाकवत, मेथी, वरचे दाट वरण, गुळाचा खडा. वहिनी खाली मान घालून खाई आणि आई प्रत्येक घास मोजल्यासारखी तिच्या तोंडाकडे पाही. प्रेमाने कोणी कोणाला इतक्या नेमाने जेवू घातल्याचे मी पाहिलेले नाही.

उन्हाळ्यात माझी नेमणूक आली. मी निघण्याच्या आठवड्यात वहिनीचा भाऊ अचानक येऊन दाराशी उभा राहिला. बहिणीवर भानामतीचा आळ आल्याची गोष्ट सीमेपलीकडे पोहोचायला इतके महिने लागले होते. बहिणीला घेऊन जातो, असे तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. पाणीही घेतले नाही.

आईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. तो काटक, उन्हाने रापलेला होता आणि पायात काही नव्हते.

"न्ह्यायला आलास व्हय?" ती म्हणाली. "अन् तिकडं खायाला काय घालनार? तिच्यावर नजर कोन ठिवनार?"

आत वहिनी आडावरून, वाटेत एकदाही न टेकता आणलेली घागर उतरवत होती.

"ती कुठं जात न्हाय," आई म्हणाली. "बस. तू बी जेवून जा. अन् पायात घालत जा कायतरी, तुजा रंग बी मला बरा दिसंना."